राष्ट्रगीत चालू असताना गुडघा टेकला, तर?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मैदानांवर राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून, बहुतेकदा पोलिसी अत्याचार आणि वंशभेदाविरुद्ध होणाऱ्या निषेधाबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. काही पालकांची आहेत, काही कायद्याच्या विद्यार्थ्यांची, दोन-तीन तावातावाने लिहिलेली. निषेध योग्य की अयोग्य हे ज्याचं त्याने ठरवावं. खालची उत्तरं नियम काय आहेत, निकाल काय लागले आणि गाडं कुठे अडतं एवढ्यापुरतीच आहेत.

प्रश्न: मुलीला अमेरिकेत टेनिसची स्कॉलरशिप मिळाली आहे. टीममधल्या मुली येत्या मोसमात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकायचं म्हणताहेत. तिने साथ दिली, तर कॉलेज तिला काढू शकतं का? (ठाणे)

ताई, आधी एक गोष्ट तपासा: कॉलेज सरकारी आहे की खाजगी? अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देते, पण ती सरकारला बांधते. राज्याचं विद्यापीठ म्हणजे सरकारच. खाजगी कॉलेजला ती लागू होत नाही. नावावर जाऊ नका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ नावावरून राज्याचं वाटतं, पण ते खाजगी आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव घातलं की पहिल्या काही ओळींतच ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ ते दिसतं.

खाजगी कॉलेजात काय होऊ शकतं, त्याची दोन टोकं सांगतो. व्हर्जिनियातल्या ब्लूफील्ड कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मनाई झाल्यावरही पुन्हा गुडघे टेकले. फेब्रुवारी २०२१मध्ये अध्यक्षांनी त्यांना निलंबित केलं आणि कॉलेजला पुढचा सामना न खेळताच सोडावा लागला. मिसुरीतल्या ‘कॉलेज ऑफ द ओझार्क्स’ने तर २०१७मध्ये जाहीर केलं, की समोरचा संघ राष्ट्रगीताचा मान राखणार नसेल तर आम्ही खेळणारच नाही. त्यापायी वर्षानुवर्षं आपल्याकडे होणाऱ्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं यजमानपदही त्यांनी सोडलं. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कजवळचं मॅनहॅटनव्हिल कॉलेज. तेही खाजगीच. इराक युद्धाच्या तोंडावर, २००३मध्ये, तिथली टोनी स्मिथ ही बास्केटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी झेंड्याकडे पाठ करून उभी राहायची. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, पण कॉलेज तिच्या पाठीशी राहिलं. म्हणजे खाजगी कॉलेजात सगळं धोरणावर आणि अध्यक्षांच्या मर्जीवर चालतं. अपवाद कॅलिफोर्नियाचा. तिथे १९९२च्या ‘लेनर्ड लॉ’मुळे खाजगी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं. धार्मिक संस्थांना मात्र त्यातून सूट आहे.

‘काढणं’ हा शब्द पालक सरसकट वापरतात, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. सामन्यात न खेळवणं, टीममधून वगळणं, स्कॉलरशिप थांबवणं आणि कॉलेजमधून नाव कमी करणं. पहिली गोष्ट कोचच्या हातात असते आणि सिद्ध करायला सगळ्यात अवघड, कारण ‘तिचा खेळ घसरला होता’ हे उत्तर तयारच असतं. तिसरीवर मात्र बंधनं आहेत. एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संघटना. तिच्या डिव्हिजन १मध्ये, म्हणजे सर्वात वरच्या गटात, स्कॉलरशिपच्या मुदतीत गैरवर्तनाच्या कारणावरून ती काढायची, तर ते गंभीर गैरवर्तन कॉलेजच्या नेहमीच्या विद्यार्थी-शिस्त यंत्रणेने ठरवावं लागतं. कोचला परस्पर ठरवता येत नाही. पुढच्या वर्षी द्यायची नसेल तर १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं आणि सुनावणीची संधी द्यावी लागते. ही सुनावणी क्रीडा विभागाबाहेरची मंडळी घेतात. पत्र आलं की त्यातली अपिलाची मुदत आधी वाचायची. बरेचजण कोचला भेटून विनवण्या करण्यात ती घालवतात. (डिव्हिजन ३मध्ये खेळाची स्कॉलरशिप मुळात नसतेच.)

जुलै २०२५पासून अनेक मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. त्याचा वेगळा करार असतो. त्यात ‘संस्थेची प्रतिमा’, ‘वर्तन’ अशी कलमं आहेत का ते सहीआधी वाचा. स्कॉलरशिप सुरक्षित राहिली तरी हे पैसे त्या कलमाखाली अडू शकतात.

आणि हो, टेनिसच्या सामन्याआधी त्या कॉलेजात राष्ट्रगीत वाजतं का, हेही विचारून घ्या. सगळीकडे वाजत नाही.

प्रश्न: राष्ट्रगीताला उभं राहण्याची अमेरिकेत कायद्याने सक्ती आहे का? (मडगाव)

नाही. १९३१च्या कायद्याने ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ राष्ट्रगीत झालं. त्या वेळी कसं वागावं हे संघराज्याच्या कायद्यात लिहिलेलं आहे: उभं राहावं, झेंड्याकडे तोंड करावं, उजवा हात छातीवर ठेवावा. पण भाषा ‘राहावं’ची आहे, शिक्षा एकही नाही. एनसीएएचाही सर्व कॉलेजांना बांधणारा तसा नियम नाही.

प्रश्न: १९४३चा बार्नेट निकाल शाळेतल्या झेंडावंदनाचा होता. तो कॉलेजच्या खेळाडूला कसा लागू होतो? आणि तसं असेल तर वायोमिंगचे चौदा खेळाडू कसे हरले? (नागपूर, विधी शाखा)

प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर.

बार्नेट खटल्यात जेहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मुलांनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला होता. तीनच वर्षांपूर्वी, १९४०च्या गोबायटिस निकालात, सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला होता. १४ जून १९४३ला ६ विरुद्ध ३ मतांनी ते उलटलं. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचा गाभा असा, की राष्ट्रभक्तीच्या बाबतीत कुठल्याही अधिकाऱ्याला नागरिकाच्या तोंडून विशिष्ट मत वदवून घेता येणार नाही. १९६९च्या टिंकर निकालाने पुढची पायरी घातली. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावणाऱ्या शाळकरी मुलांना संरक्षण मिळालं आणि कसोटी ठरली: त्या कृतीने शाळेच्या कामकाजात खरोखर मोठा व्यत्यय आला का, किंवा येईल असं मानायला ठोस आधार होता का?

खेळाडूंच्या बाबतीत विरोधकांचं म्हणणं असं, की शाळा सक्तीची आहे, खेळ ऐच्छिक आहे. पटत नसेल तर खेळू नका. मुद्दा अगदीच पोकळ नाही, आणि खेळाडूंनी कोचविरुद्ध बंड केल्याच्या काही खटल्यांत न्यायालयांनी संघाच्या एकीला महत्त्व दिलंही आहे. पण ऐच्छिक गोष्ट देताना सरकारला मत गहाण ठेवून घेता येत नाही, हेही तितकंच जुनं तत्त्व आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन पास्क्वाल व्हॅली शाळाजिल्ह्याने (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) गुडघा टेकण्यावर बंदी घातली, तेव्हा डिसेंबर २०१७मध्ये संघराज्य न्यायालयाने त्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. तो खेळाडू हायस्कूलचा होता. कॉलेजचे विद्यार्थी सज्ञान असतात, तिथे तर मुद्दा आणखी भक्कम होतो.

आता वायोमिंग. ऑक्टोबर १९६९. वायोमिंग विद्यापीठाचा सामना ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी होता. हे विद्यापीठ मॉर्मन पंथाचं, आणि त्या काळी हा पंथ कृष्णवर्णीयांना पौरोहित्य देत नसे. चौदा कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी (अमेरिकन फुटबॉल) काळ्या फिती लावून खेळावं का, हे विचारायला ते कोच लॉइड ईटन यांच्याकडे गेले. ईटन यांनी चौदाही जणांना तिथल्या तिथे संघातून काढलं. राष्ट्रगीताचा इथे संबंध नव्हता, हे लक्षात घ्या. विल्यम्स विरुद्ध ईटन खटल्यात १९७२ला दहाव्या सर्किटचं (विभागाचं) संघराज्य अपील न्यायालय विद्यापीठाच्या बाजूने गेलं, पण त्याचं कारण फार वेगळं होतं. सरकारी विद्यापीठाच्या गणवेशावरून एका धर्मपंथाच्या श्रद्धेविरुद्ध निषेध झाला, तर राज्याची धार्मिक तटस्थता मोडते, असं न्यायालयाने मानलं. त्यामुळे ‘कॉलेजचे खेळाडू निषेध करू शकत नाहीत’ म्हणून हा निकाल पुढे करणारा एक तर तो वाचून आलेला नसतो, नाही तर वाचूनही अर्धाच सांगतो. पोलिसी अत्याचार किंवा वंशभेदाविरुद्ध गुडघा टेकण्यात धर्माचा प्रश्नच येत नाही. वायोमिंग विद्यापीठाने २०१९मध्ये त्या खेळाडूंची औपचारिक माफी मागितली.

महत्त्वाचं: राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलेज खेळाडूच्या हक्कावर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने थेट निकाल दिलेला नाही. सगळं वरच्या निकालांवरून बांधलेलं आहे. मूट कोर्टला (सरावाच्या खटल्याला) जाताना एवढं सांभाळा.

प्रश्न: बसून का नाही? गुडघाच का? (सांगली)

कॉलिन केपरनिक हा व्यावसायिक फुटबॉलपटू ऑगस्ट २०१६मध्ये सुरुवातीला बसूनच राहत होता. निवृत्त सैनिक आणि माजी खेळाडू नेट बॉयर याने त्याला सुचवलं, की बसण्यापेक्षा गुडघा टेकणं सैनिकांना कमी अवमानकारक वाटेल. त्याच महिन्याभरात नेब्रास्काच्या तीन कॉलेज खेळाडूंनी तेच केलं. राज्यपालांनी ते लाजिरवाणं म्हटलं, पण विद्यापीठाच्या अध्यक्षांनी खेळाडूंचा हक्क मान्य केला.

प्रश्न: उलटी अडचण आहे. सगळा संघ गुडघा टेकतो, माझ्या मुलीला उभं राहायचं आहे. तिला वाळीत टाकतील का? (न्यू जर्सी)

सरकारी कॉलेजात संरक्षण दोन्ही बाजूंना सारखंच आहे, आणि याचं उत्तम उदाहरण व्हर्जिनिया टेकचं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सामन्याआधी वंशभेदविरोधी निवेदन वाचलं जात असताना फुटबॉलपटू (आपला फुटबॉल, त्यांचा सॉकर) कियर्स्टन हेनिंग उभी राहिली. इथेही प्रसंग राष्ट्रगीताचा नव्हता, निवेदनाचा होता. त्यानंतर कोचने आपल्याला झापलं आणि बाकावर बसवलं, असा तिचा आरोप. कोचचं म्हणणं, की खेळ घसरला म्हणून. डिसेंबर २०२२मध्ये न्यायाधीशांनी हा वाद ज्युरीनेच सोडवावा असं सांगितलं आणि जानेवारी २०२३मध्ये १ लाख डॉलरवर तडजोड झाली. चूक कबूल केली गेली नाही.

तिच्या बाजूने वजन पडलं ते आकड्यांचं: आधीच्या सामन्यांत ती किती मिनिटं खेळली आणि नंतर किती. म्हणून तुमच्या मुलीने मोसमाच्या सुरुवातीपासून खेळलेली मिनिटं, सरावातले शेरे आणि कोचचे मेसेज तारखेनिशी जपून ठेवावेत. सहकाऱ्यांच्या तोंड फिरवण्यावर मात्र कुठल्याच कायद्यात औषध नाही. कॅप्टनशी आधी बोलून ‘मी उभी राहीन, तुमच्याविरुद्ध काही बोलणार नाही’ एवढं सांगितलं तर निम्मा ताण जातो.

प्रश्न: मी कॉलेजमध्ये क्रीडा शिक्षक आहे. अमेरिकेतली कॉलेजं हे हाताळतात कसं, आणि फसतात कुठे? (कोल्हापूर)

सर, सगळ्यात सोपा उपाय वेळापत्रकात असतो. अनेक कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांत राष्ट्रगीत होऊन गेल्यावरच संघ मैदानात येतो. आधी बँड येतो, झेंडा येतो, राष्ट्रगीत होतं आणि मग खेळाडू धावत बाहेर पडतात. पूर्वापार हाच रिवाज असेल तर त्यावर कुणी बोट ठेवत नाही. पण निषेध झाल्यावर तो रिवाज बदलला, की हेतू उघडा पडतो.

जॉर्जियातल्या केनेसॉ स्टेटमध्ये नेमकं हेच झालं. ३० सप्टेंबर २०१७ला पाच चीअरलीडर्सनी गुडघे टेकले. पुढच्या घरच्या सामन्याला वेळापत्रक बदललं आणि चीअरलीडर्सना राष्ट्रगीत संपेपर्यंत मैदानात येण्याच्या बोगद्यात थांबवलं. विद्यापीठ म्हणालं, बदल नेहमीच्या नियोजनाचा भाग आहे. मग पत्रकारांनी माहितीच्या कायद्याखाली टेक्स्ट मेसेज मिळवले. स्थानिक शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) आणि एक आमदार अध्यक्षांवर दबाव आणत होते, हे त्यातून बाहेर आलं. नोव्हेंबरमध्ये चीअरलीडर्सना पुन्हा मैदानात आणावं लागलं, डिसेंबरमध्ये अध्यक्ष सॅम ओलेन्स यांनी राजीनामा जाहीर केला, आणि एका चीअरलीडरच्या दाव्यात १ लाख ४५ हजार डॉलरची तडजोड झाली. सरकारी विद्यापीठातल्या अधिकाऱ्याचा फोन हा दप्तराचाच भाग असतो, हे तिथे सगळ्यांना महागात शिकायला मिळालं.

दुसरी चूक संघाच्या सामूहिक निर्णयाची. पेनसिल्व्हेनियातल्या अल्ब्राइट कॉलेजात २०१७मध्ये संघाने ठरवलं, की नाणेफेकीच्या वेळी सगळे गुडघा टेकतील आणि राष्ट्रगीताला उभे राहतील. एका राखीव क्वार्टरबॅकने (चढाईची सूत्रं हाताळणाऱ्या खेळाडूने) राष्ट्रगीतालाही गुडघा टेकला. त्याला काढलं, गदारोळ झाला, आणि मग कॉलेजनेच त्याला परत घेतलं. तडजोड चांगली होती, पण न पाळणाऱ्याचं काय करायचं हे कुणी आधी ठरवलं नव्हतं.

तिसरी चूक फक्त खेळाडूंचा विचार करण्याची. १ ऑक्टोबर २०१६ला ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या बँडमधल्या काही वादकांनीच वाजवायचं सोडून गुडघे टेकले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. विद्यापीठाने आधी समजूतदार निवेदन काढलं, मग पुढे हे खपवून घेणार नाही म्हटलं. वादकाची बाजू खेळाडूपेक्षा लंगडी आहे, कारण ते गीत वाजवणं हेच त्याचं ठरलेलं काम असतं.

नियम करायचाच असेल तर तो मोसमाआधी, लेखी, खेळाडू-बँड-चीअरलीडर्स सगळ्यांना एकसारखा, आणि कुठल्या मताविरुद्ध म्हणून नव्हे तर वेळ आणि जागा ठरवण्यापुरता करावा. घटनेनंतर आठवड्याभरात केलेला नियम न्यायालयात उभाच राहत नाही, असं धरून चाला.

खेळाडूंच्या बाजूनेही ठरलेल्या चुका आहेत. गणवेशावर परस्पर काही लिहिणं किंवा चिकटवणं हा गणवेशाच्या नियमांचा भंग होतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडून शिक्षा त्या कारणाने होते. सामन्याला उशीर करणं, राष्ट्रगीत संपल्यावरही बसून राहणं, शेजाऱ्याला ओढून खाली बसवणं, यांतून ‘व्यत्यय’ सिद्ध होतो. कोचला आदल्या दिवशी सांगावं. दोन-तीन वाक्यांचं कारण लिहून तयार ठेवावं आणि पत्रकारांशी एकानेच बोलावं. व्हिडिओ पसरला की धमक्या येतात, म्हणून सोशल मीडियाची खाती आधीच खाजगी करावीत आणि धमक्या पुसून टाकण्याऐवजी स्क्रीनशॉट काढून कॅम्पस पोलिसांकडे द्याव्यात.

कोचने काय करावं, हेही पत्रात विचारलं आहे. तो कर्मचारी असतो, त्याला विद्यार्थ्याएवढी मोकळीक नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये ईस्ट टेनेसी स्टेटच्या बास्केटबॉल संघाने गुडघे टेकले आणि कोच जेसन शे यांनी त्यांची बाजू घेतली. राज्याच्या सेनेटमधल्या सगळ्या २७ रिपब्लिकन सदस्यांनी सरकारी विद्यापीठांच्या प्रमुखांना अशा कृतीवर बंदी घाला म्हणून पत्र लिहिलं. मार्चअखेर शे यांनी पद सोडलं. आमदारांचं पत्र म्हणजे कायदा नव्हे, पण विद्यापीठाचा अर्थसंकल्प तेच मंजूर करतात.

प्रश्न: मुलगा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे. त्याला हे लागू होतं का? (पुणे)

अमेरिकेच्या भूमीवर असलेल्या परदेशी माणसालाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. पण त्याचं राहणं व्हिसावर आणि कॉलेजच्या नोंदीवर टांगलेलं आहे. टीममधून वगळलं तर व्हिसाला काही होत नाही, तो विद्यार्थीच राहतो. कॉलेजने शिस्तभंगाखाली निलंबित केलं, तर पूर्णवेळ विद्यार्थी ही नोंद तुटते आणि एफ-१ धोक्यात येतो. अटक झाली, अगदी किरकोळ गुन्ह्यात, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. २०२५मध्ये राजकीय मतप्रदर्शनावरून परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आणि त्यावरून खटले उभे राहिले.

म्हणून स्पष्ट सांगतो: अमेरिकन सहकारी ज्या जोखमीवर गुडघा टेकतो, तीच जोखीम तुमच्या मुलाची नाही. त्याने आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारावं आणि शक्यतो स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाशीही बोलावं, कारण ते कार्यालय शेवटी कॉलेजचंच आहे.

प्रश्न: आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्यात एखाद्या खेळाडूने असं केलं तर? (सोलापूर)

लोक लगेच बिजो इमॅन्युएल खटल्याचा दाखला देतात. केरळमधल्या तीन भावंडांना जुलै १९८५मध्ये राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं. तीही जेहोवाज विटनेसेस पंथाचीच. ११ ऑगस्ट १९८६ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालात वर सांगितलेल्या बार्नेटचाही विचार झाला. पण ती मुलं उभी राहत होती, फक्त गात नव्हती. न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं, की उभं राहून मान राखला आहे. गुडघा टेकणाऱ्याला या निकालाची ढाल जशीच्या तशी मिळत नाही.

१९७१च्या राष्ट्रीय मानचिन्हांविषयीच्या कायद्याचं तिसरं कलम राष्ट्रगीत गाण्यात हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या जमावात गोंधळ घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगतं. शांतपणे गुडघा टेकणं म्हणजे गोंधळ, असं त्या कलमात लिहिलेलं नाही. मात्र राष्ट्रगीत वाजताना सावधान उभं राहावं, असे केंद्रीय गृहखात्याचे आदेश आहेत. सिनेमागृहात ते वाजवण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ला आणली आणि ९ जानेवारी २०१८ला ऐच्छिक केली, तरी वाजलं तर उभं राहणं कायम ठेवलं. खेळाडूवर गुन्हा टिकेल की नाही हा पुढचा भाग. तक्रार दाखल होणं, विद्यापीठाची चौकशी लागणं आणि संघातली जागा जाणं यासाठी निकालाची वाट कुणी पाहत नाही.

निषेध नोंदवायचाच असेल तर तो राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांबाहेर नोंदवणं इथे शहाणपणाचं. २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात भारतीय क्रिकेट संघाने गुडघा टेकला तो खेळ सुरू होताना, राष्ट्रगीताच्या वेळी नव्हे. काळी फीत लावायची तर आयोजकांची परवानगी आधी घ्या. डिसेंबर २०२३मध्ये पर्थच्या कसोटीत उस्मान ख्वाजाने परवानगी न घेता फीत लावली आणि आयसीसीने त्याला ताकीद दिली.